ज्यांच्यावाचून अडत नाही

आपत्ती नियंत्रण कक्षात एक नियम कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो अगदी काटेकोरपणे पाळला जाई. प्रशिक्षणाला पाठवायचं ते ज्याच्यावाचून काम अडत नाही अशा माणसाला.

नियम तसा शहाणपणाचाच. दर वर्षी वरच्या कार्यालयाचं पत्र येई : सहा आठवड्यांचा निवासी अभ्यासक्रम, जागा एक, नाव कळवा. आता सहा आठवडे कामाचं माणूस कोण सोडील? मग बिनकामाचा जाई. तो शिकून परत येई, आल्यावरही त्याच्यावाचून कुणाचं अडत नसे, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तोच जाई. असं करता करता कक्षातल्या एका गृहस्थांचे अकरा अभ्यासक्रम पुरे झाले होते. पूर, भूकंप, आग, वायुगळती, गर्दी, दरड, आणि आपत्तीनंतर लोकांची समजूत कशी घालावी याचासुद्धा एक. सगळी प्रमाणपत्रं त्यांच्या टेबलामागे काचेच्या चौकटीत टांगलेली होती. भूकंप झालाच तर पहिला धोका त्यांनाच होता. लोक त्यांना कुलगुरू म्हणत. त्यांच्याकडे काम एकच, नकाशांच्या कपाटाची किल्ली सांभाळणं. नकाशे कोणी मागत नसे.

आणि कामाचं माणूस म्हणजे ताई.

ताई एकोणीस वर्षं फोनवर बसत. सगळं गाव त्यांच्या डोक्यात होतं. पंपघराचा चालक फोन उचलत नाही, पण त्याची सासू उचलते. होडीवाल्याला ‘होडी पाठव’ म्हटलं की तो नाही म्हणतो. ‘तुझी होडी अजून चालते का रे?’ एवढंच विचारलं की दहा मिनिटांत काठावर हजर. छापील यादीत अग्निशमन प्रमुखांचा म्हणून जो नंबर आहे तो आता एका केशकर्तनालयाचा आहे, आणि तिथला न्हावी इतका तयार झालाय की वस्तरा बाजूला ठेवून तोच बंबाला कळवतो. हे कुठल्याही आराखड्यात नव्हतं. ताईंना मात्र पाठ होतं.

पण या ताईंना फोनवर बोलायला परवानगी होती ती एकाच वाक्याची. ‘थांबा, मदत निघाली आहे.’ समोरून कोणी रडकुंडीला येऊन विचारलं, ‘तोवर मी काय करू?’ तर पुन्हा तेच वाक्य. सूचना देण्याचा अधिकार फक्त प्रमाणपत्रवाल्यांना. म्हणजे ज्यांना सांगायचा अधिकार होता ते फोनवर नव्हते, आणि ज्या फोनवर होत्या त्यांना सांगायचा अधिकार नव्हता. कारभार कसा चोख!

ताईंनी सात वेळा अर्ज केला होता. हा आठवा, आणि शेवटचा. अभ्यासक्रमाला वयाची अट पन्नास, आणि येत्या वर्षी ताई पन्नास पुऱ्या करणार होत्या.

“ताई, तुम्ही गेलात तर कक्ष बंद पडेल हो,” साहेब म्हणाले. साहेब फार चांगले होते. चांगल्या माणसाशी भांडता येत नाही, ही त्यांच्या हाताखालच्यांची मोठी अडचण होती. “हा एक प्रकारे तुमचा गौरवच आहे.”

“साहेब, गौरव राहू द्या. जागा द्या.”

“कामाचा खोळंबा होईल त्याचं काय?”

“आणि नाही झाला तर?”

साहेब हसले. “तर डोळे मिटून सही करीन. पण ते काही व्हायचं नाही.”

“नाव कधी कळवायचंय?”

“महिनाअखेरीला.” म्हणजे तीन आठवडे. तिकडे लिपिकाने पत्राचं पाकीट फोडायच्या आधीच त्यावर पेन्सिलीने कुलगुरूंचं नाव लिहून ठेवलं होतं. सवयच पडली होती.

घरी आल्यावर ताईंनी सगळी हकिगत नवऱ्याला सांगितली. नवरा शिंपी. दुकान घरातच, पुढच्या खोलीत. तोंडात टाचण्या असल्यामुळे तो नेहमी शेवटपर्यंत ऐकून घेई. त्यांचा संसार सुखाचा होण्यात टाचण्यांचा वाटा मोठा होता.

त्याने टाचण्या काढल्या. “साहेबांनी नाही अडवलं तुला. तूच अडवलंयस.”

“मी? अहो, काहीतरीच काय?”

“एकोणीस वर्षं सगळं डोक्यात ठेवलंस. एक ओळ तरी लिहून ठेवलीस कुणासाठी?”

“वेळ कुठे मिळतो?”

“वेळ नव्हता, की मन नव्हतं?”

ताई उठून आत गेल्या. ज्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असे त्याला उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती. ‘ताई, तुमच्याशिवाय पान हलत नाही’ हे वाक्य रोज कानावर पडलं की गोड लागतं, आणि गोडाची चटक लागते. स्वयंपाकघरात भांड्यांचा जरा जास्तच आवाज झाला. नवऱ्याने समजून टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

दुसऱ्या दिवशी ताई कुलगुरूंच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“कुलगुरू, माझ्या खुर्चीवर बसाल का?”

कुलगुरूंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. “मी? अहो ताई, मी फोन उचलला तर माणूस आधी माझीच काळजी करेल.”

“ते मी बघते. आधी मला सांगा, वायुगळतीच्या अभ्यासक्रमात काय शिकवतात?”

कुलगुरूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ताई, अकरा वेळा जाऊन आलो. परत आलो की सगळे एकच प्रश्न विचारतात.”

“कुठला?”

“जेवण कसं होतं.”

“मग? कसं होतं?”

“सातव्या वेळी बरं होतं.” एवढं बोलून ते उठले, त्यांनी नकाशांचं कपाट उघडलं आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या मागून एकेक करत अकरा वह्या काढल्या. मोत्यासारखं अक्षर. समासात बाण, चौकटी, लाल शाईच्या खुणा. “कधी कुणाला लागलंच तर असावं, म्हणून लिहीत गेलो.”

ताईंनी मधलीच एक वही उघडली. ‘घरात गॅसचा वास येत असल्याचा फोन : दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. हाताने उघडता येतील त्या खिडक्या उघडा. बाहेर पडा, मग बोला.’ ताई वाचता वाचता खाली बसल्या. एकोणीस वर्षं त्या एका वाक्यावर गुजराण करत होत्या, आणि बाकीची वाक्यं दहा पावलांवर कुलपात होती. किल्लीवाला कोणी मागेल म्हणून बसला होता, आणि मागणाऱ्या बाईला वाटत होतं की याला विचारून काय उपयोग.

त्याच दिवसापासून अदलाबदल सुरू झाली. डबा खाताना कुलगुरू शिकवत, डबे पुसून झाले की ताई.

पहिला फोन कुलगुरूंनी उभं राहून घेतला. एका आजीबाईंच्या शेजारच्या घरातून धूर येत होता.

“आजी, धूर मुख्यतः तीन प्रकारचा असतो,” कुलगुरूंनी सुरुवात केली.

ताईंनी रिसीव्हर हिसकावला. बंब रवाना केला आणि मगच वळल्या. “आजीला धुराचे प्रकार नकोयत हो! आधी ठिकाण, मग बंब, आणि मग ज्ञान. ज्ञानाला घाई नसते.”

कुलगुरूंनी तेवढंही बाराव्या वहीत लिहून घेतलं. होडीवाल्याने त्यांना दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी होडीच्या तब्येतीची अशी आपुलकीने चौकशी केली की तो होडी घेऊन आला, काम नसताना. ताई रोज एक तास लिहीत होत्या. कुणाला काय विचारायचं, कुणाला काय चुकूनही विचारायचं नाही, कुणाचा फोन कोण उचलतं. चौऱ्याऐंशी पानं झाली. शेवटचं पान लिहिताना त्यांना घरातला एकेक दागिना काढून दिल्यासारखं वाटलं, पण दिला.

मग त्यांनी एका दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला.

साहेब घाबरले. “ताई, प्रकृती बरी आहे ना?”

“ठणठणीत आहे, साहेब. म्हणूनच रजा.”

रजेच्या दिवशी सकाळचे अकरा वाजेपर्यंत ताईंनी दोनदा कपाट आवरलं. सव्वाअकराला रस्त्यावरून बंब गेला. पाठोपाठ दुसरा. मग तिसरा.

“तीन,” ताई म्हणाल्या. “तीन म्हणजे साधं नाही.” त्या खिडकीशी गेल्या. खाली एक माणूस नाकाला ओला रुमाल लावून धावत होता. बर्फाच्या कारखान्यात वायू सुटलाय, असं तो कुणाला तरी ओरडून सांगत होता.

ताईंनी फोनकडे पाहिलं. फोन गप्प. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आपल्याला बोलावत का नाहीत? विसरले की काय? की बोलवायलाही कोणी शुद्धीवर नाही?

त्यांनी चपला घातल्या.

“जायचं तर जा,” नवरा मशीन न थांबवता म्हणाला. “पण आज गेलीस, तर त्या खुर्चीतून उठायची नाहीस. विचार कर.”

“अहो, तिथे माणसं आहेत!”

“माणसं आहेतच. तुझ्या खुर्चीवरही एक आहे.”

ताईंनी कक्षाचा नंबर फिरवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्या या टोकाला होत्या. दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला.

“नियंत्रण कक्ष. ठिकाण सांगा.”

“कुलगुरू, मी बोलतेय! काय झालंय? कारखान्याचा फोन आतल्या खोलीत असतो, तो कोणी उचलणार नाही, तुम्ही समोरच्या...”

“समोरच्या चहावाल्याला केला. पान बावीस. ताई, वारा पूर्वेकडून आहे, तुमची गल्ली पूर्वेला आहे, तुम्हाला धोका नाही. घरातच थांबा. आणि आता लाइन सोडा, लोक वाट बघतायत.”

खट्.

“ठेवला!” ताई म्हणाल्या. “माझ्यावर फोन ठेवला!”

“कोणी?”

“कुलगुरूंनी!”

नवऱ्याने मशीन थांबवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. “हसतेयस की रडतेयस ते एकदा ठरव. मला बाही जोडायचीय.”

ताईंनी चपला काढल्या. जवळच्या स्टुलावर बसल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणावर तरी भरवसा ठेवायचं काम करू लागल्या. फोनवर बसण्यापेक्षा ते अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं ते असं. कारखान्यातल्या दोन कामगारांच्या डोळ्यांची आग झाली, औषध घालून ते संध्याकाळी घरी गेले. बाकी कुणाला काही नाही. लोक आपल्या बुद्धीने वायूच्याच दिशेने पुढे पुढे पळत होते. कुलगुरूंनी चहावाल्याला सांगून त्यांना वाऱ्याला आडवं चालायला लावलं. चहावाल्याने आधी विचारलं म्हणे, ‘तुम्ही कोण?’ त्यावर कुलगुरू म्हणाले, ‘मी ताईंच्या खुर्चीवरून बोलतोय.’ तेवढं पुरलं.

साहेबांनी दोघांना बोलावलं. समोर प्रशिक्षणाचा कागद होता, त्यावर पेन्सिलीतलं नाव.

“ताई, काल तुम्ही नव्हतात.”

“नव्हते, साहेब.”

“माझ्या ते दुपारी दोन वाजता लक्षात आलं.”

ताईंच्या काळजात बारीकशी कळ आली. ती त्यांनी जाऊ दिली.

साहेबांनी खोडरबर घेतलं. “यांना तर काही मी आता पाठवू शकत नाही. यांच्यावाचून अडेल.”

कुलगुरू खुर्चीत पुढे सरकले. “साहेब, एवढं पुन्हा एकदा म्हणता का?”

साहेबांनी पुन्हा म्हटलं. कुलगुरूंनी रुमाल काढला आणि वायुगळतीनंतर डोळे चुरचुरतातच, असं काहीसं सांगितलं. वायू तिथपर्यंत आला नव्हता, पण कोणी हरकत घेतली नाही.

मग साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘सदर कर्मचारी अनुपस्थित असताना कक्षाच्या कामाचा खोळंबा होत नाही.’ सरकारी नोकरीत असला शेरा कुणाच्या वैऱ्याला न मिळो. ताईंनी तो तीनदा वाचला आणि साहेबांचे आभार मानले.

प्रशिक्षण संस्थेच्या वर्गात चाळीस खुर्च्या होत्या. बरेचसे विद्यार्थी एकमेकांना वर्षानुवर्षांचे ओळखत होते. जेवणघराच्या दाराजवळच्या मागच्या रांगा त्यांनी केव्हाच धरल्या होत्या. “पहिल्यांदाच का, ताई?” एकाने प्रेमाने विचारलं. “मागे या. पुढे पंखा लागत नाही.”

ताई पुढेच बसल्या.

शिकवणारी मुलगी ताईंच्या लेकीच्या वयाची होती. तासाच्या शेवटी तिने रिवाज म्हणून ‘काही शंका?’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फळा पुसायला घेतला.

“आहे,” ताई म्हणाल्या.

मुलगी वळली.

“फोनवर एक बाई आहे. तिचं मूल आतल्या खोलीत आहे आणि दाराखालून धूर येतोय. ती मला विचारतेय, दार उघडू की नको. मी तिला काय सांगू?”

मुलीने डस्टर खाली ठेवलं, फळ्यापाशी असलेली खुर्ची ओढली आणि ताईंच्या समोर येऊन बसली.

“आधी दाराला हात लावून बघायला सांगा. तळहात नाही, हाताची मागची बाजू. दार थंड असेल तर वाकून, अगदी हळू, थोडंसंच उघडायचं.”

ताईंनी लिहून घेतलं. “आणि गरम असेल तर?”

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. जेवणघराजवळच्या रांगेतले दोघेतिघे, नीट ऐकू यावं म्हणून, पुढे येऊन बसत होते.