वळणावरचा नमस्कार

टेकडीवरच्या देवीचं दर्शन झाल्याशिवाय मी सकाळचा चहा घेत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. यंदा गुडघ्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. "हवी तर सायकल चालवा," म्हणाले.

मी ते मनावर घेतलं. टेकडीच्या मागून मातीची वाट देवळापर्यंत जाते.

"देवीलाच घरपोच मागव," हे म्हणाले. "हल्ली सगळं येतं."

शेजारच्या बिलकिसबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी लेकाची जाड टायरांची सायकल मला दिली आणि स्वतः दुसरी घेऊन सोबत आल्या. खडीवर चाक जरा सरकलं की मी हँडल घट्ट धरायची.

"शर्मिलाताई, हँडल आवळू नका. थोडं हलू द्या, सायकल आपली आपण सावरते. आणि दगडाकडे नाही, जायचंय तिकडे बघा."

हळूहळू खडी जमली, पावसाने पडलेल्या चरीही जमल्या. शेवटच्या वळणावर मात्र मी रोज पडायची. "आता खरचटून आलीस तर सायकल परत," ह्यांनी बजावलं. सायकल गेली म्हणजे नेमही सुटला.

दुसऱ्या दिवशी बिलकिसबाई पुढे जाऊन वळणावर उभ्या राहिल्या. मी आले आणि घाणेरीच्या झुडपात गेले.

"अहो, हात का सोडलात?"

"कुठला हात?"

"उजवा! छातीला लावलात!"

मी वर पाहिलं. त्या वळणावरून कळस दिसतो. कसब्यातून लूना चालवायची तेव्हाही प्रत्येक देवळापाशी हात असाच जायचा.

"मग नुसती मान झुकवू?"

"झुकवा. समोरचा दगड छान दिसेल."

आम्ही दोघी तिथेच बसून हसलो. खरचटलेलं कोपर मी ओढणीखाली झाकून घरी नेलं.

आज कळस दिसला आणि हात चुळबुळला. हँडल न सोडता मी अंगठ्याने घंटी दाबली. ट्रिंग, ट्रिंग! मागचं चाक घसरलं, हललं, सावरलं. वळण मागे पडलं.

कानटोपी घातलेले एक आजोबा उतरत होते. "बाई, रस्ता मोकळा आहे. घंटी कुणासाठी?"

"वर आहे तिच्यासाठी," मी न थांबता म्हणाले.

देवळाशी उतरून दोन्ही हात जोडले. घरी हे आयोडीनची बाटली काढून बसले होते. म्हटलं, ठेवा ती आत, आणि चहा टाका.