भूमिपूजनाची सही

रंगुबाई नारळ घेऊन आली होती तो गोलच्या खांबाला फोडायला. हंगामाच्या पहिल्या दिवशी ती खांबाला हळदकुंकू लावायची, नारळ फोडायची, मग शिट्टी वाजायची. श्रीरामपूरच्या फुटबॉल क्लबात याला सगळे भूमिपूजनच म्हणत. तीस वर्षं तिथलं गवत राखणाऱ्या रंगुबाईचाच तो शब्द.

आज मैदानात मांडव होता. गोलसमोर चुन्याच्या रेघा होत्या, पण खेळाच्या नव्हत्या. फाटकाशी जेसीबी उभा.

"ह्या कशाच्या रेघा रं?"

"गाळ्यांच्या, मावशी," सेक्रेटरी करण म्हणाला. "चाळीस दुकानं. भूमिपूजनाला आबांची संमती हाय. सहीनिशी."

अध्यक्ष श्रीमंत आबा फेटा बांधून खुर्चीत बसले होते. रंगुबाई त्यांच्यापुढं उभी राहिली.

"सही केली तुमी?"

"भूमिपूजनाची केली. मला वाटलं, आपलं नेहमीचं..." आबा म्हणाले.

"खालचं वाचलं न्हाई?"

"न्हाई."

"लई शाना! खेळत हुतास तवा पायानं बोलायचास. वारासुदिक तुला चुकवून जात नव्हता. म्यानेजर झालास, तोंडानं बोललास; शिव्या घातल्यास, पर पोरं घडवलीस. आन अध्यक्ष झालास तर मुका? नुस्ता सहीनं बोलतुस?"

'तुमी'चा 'तू' कधी झाला, तिलाही कळलं नाही. मग दातओठ खात तिनं सूर धरला, जात्यावर धरावा तसा:

हिरवं माझं रान, दवाचं लेणं ल्यालं
श्रीमंताच्या सहीनं गं, त्याचं जोतं झालं

आबांनी फेटा उतरवून खुर्चीत टाकला.

"करण, कागद कुठाय?"

"ठेकेदाराकडं. आता पाहुणे येतील, आबा. पहिली कुदळ तुमचीच हाय." त्यानं रिबीन बांधलेली कुदळ पुढं केली.

"हितं खेळायला यायचास तवा तुझ्या बुटाची लेस कोन बांधायचं रं?"

"तुमीच. पण लेसा बांधून क्लब चालत न्हाई."

आबांनी कुदळ हिसकून मांडवाबाहेर भिरकावली. रंगुबाईच्या हातातला नारळ घेतला, लंगडत गोलपर्यंत गेले आणि खांबाखालच्या दगडावर असा आपटला की पाणी चुन्याच्या रेघेवर उडालं. सदऱ्याच्या खिशात जुनी शिट्टी होती. ती वाजताच सामन्यासाठी कडेला ताटकळलेल्या क्लबच्या पोरी मैदानात धावल्या.

तिकडं करणनं हात केला. जेसीबी घरघरला.

आबा फाटकात जाऊन उभे राहिले. मोडका गुडघा मागं, धडका पुढं.

"बाजूला व्हा, आबा! लोक हसतील."

"सतरा वर्षं ह्या गोलाकडं कुनाला सरळ जाऊ दिलं न्हाई. तू कोन लागून गेलास?"

रंगुबाई खुरपं घेऊन त्यांच्या शेजारी आली. राग उतरला नव्हता.

"हितं मेलास तरी सही जित्ती ऱ्हाईल. दुपारी ठेकेदाराकडं जायचं, कागद परत आनायचा. मी येते संगं."

"व्हय."

आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. पोरींना ते हेच शिकवत आले होते: समोरच्याचं तोंड बघायचं नाही, पाय बघायचे. ते जेसीबीची चाकं बघत होते.