दाबून धरलेलं बटण

कामिनीने वॉकीटॉकीचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तिचा आवाज कुणापर्यंत पोचतच नव्हता. वाडीच्या त्या गोदामात मोबाइल गेटवरच जमा व्हायचे. सगळ्यांचं बोलणं या संचांवरून, तेही एकाच चॅनलवर. एकाने बटण दाबलं की बाकीचे मुके. सकाळपासून जो तो दुसऱ्याचं तोडून बोलत होता. आता मात्र संचातून नुसती खरखर येत होती.

"कोनाचं तरी बटन अडकलं!" फोर्कलिफ्टवाला ऋषी तिच्या ऑफिसच्या खिडकीशी येऊन ओरडला. "गेटवर ट्रकांची लाइन लागून राहिली. आत घेऊ का नको?"

"थांब गा जरा!"

ती खुर्चीत बसली, लगेच उठली. संच कानाशी घट्ट धरला. खरखरीमागे फडफड होती. पंखांची. कबुतरं फक्त मागच्या जुन्या शेडमध्ये होती, आणि तिथे आज प्रेमानंदभाऊ एकटेच पोत्यांवर ताडपत्री घालायला गेले होते. कुणी बोलत असेल तर ते कधी बटणाला हातही लावत नसत. नव्या पोरांना ती त्यांचंच उदाहरण द्यायची.

ती धावत सुटली. ऋषी तिच्यामागे.

शेडमध्ये थप्पी कोसळली होती. प्रेमानंदभाऊ कमरेपर्यंत पोत्यांखाली, चेहरा पांढराफटक. दोघांनी पोती ओढून बाजूला केली. भाऊंच्या मुठीत संच होता आणि अंगठा बटणावर रुतलेला.

"जा, ॲम्ब्युलन्स बोलाव," कामिनी म्हणाली. ऋषी गेटकडे पळाला.

"भाऊ, आलो ना आम्ही. बटन अडकलं वाटते, सोडा ते." ती त्यांची बोटं उकलू लागली.

"अडकलं नाई वं."

"मंग?"

"कितीदा आवाज देला तुले. दरवेळी कोनी ना कोनी मधात घुसे." त्यांना धाप लागली. "मंग आवाजच निघेना. म्हटलं, आता सोडाचंच नाई."

अंगठा सुटला तसे दोन्ही संच एकदम बोलू लागले. गेट, वजनकाटा, ट्रकवाले, सगळे तिलाच हाका मारत होते. बाहेर हॉर्नवर हॉर्न वाजत होते.

कामिनीने भाऊंचा संच बंद केला. मग स्वतःचाही. त्यांच्या उशाशी मांडी घालून ती बसली.

"बोला भाऊ," ती म्हणाली.