घरच्यासारखा वाकडा

थोरल्या जावेला त्या केकमधून काय मिळणार होतं ते आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे तिच्यावर उगाच कुणी डूख धरायला नको. तिला मिळणार होती वरच्या मजल्यावरची खोली. दोन खिडक्या, भिंतीतलं कपाट आणि मुख्य म्हणजे आतून लागणारी कडी. खाली तिचं अख्खं कुटुंब एका खोलीत राहत होतं. मुलगी मोठ्या परीक्षेला बसलेली. ती पलंगाच्या पायथ्याशी मांडीवर वही घेऊन बसे, तिचा धाकटा भाऊ तिच्या पाठीवरून खेळण्यातल्या मोटारी चढवी, आणि बाप बातम्यांचा आवाज वाढवून "अभ्यास कर" असं सांगे. खोली मिळाली की मुलीला टेबल मिळणार होतं. एवढ्यासाठी बाई काहीही करील, आणि थोरलीने केलंही.

धाकटीची गरजही काही कमी नव्हती. ती नि तिचा नवरा दिवाणखान्यात झोपत, आणि सकाळी पहिली घंटी वाजायच्या आत संसार गुंडाळून सोफ्याच्या पाठीमागे सारत.

खोली आत्याची. घरही आत्याचंच. दोन्ही भाचे तिनेच वाढवले, त्यामुळे भाचेसुनाही तिला आत्याच म्हणत आणि मनातल्या मनात आणखी काही. तिच्या गुडघ्यांनी जिन्याशी उभा दावा मांडल्यावर तिने खाली यायचं ठरवलं आणि जाहीर केलं, की पंच्याहत्तरीच्या वाढदिवसाला दोघींनी आपापल्या हाताने केक करून आणावा. जिच्या हातात काही असेल, तिची खोली.

हाताचं काम हे आत्याचं जगातलं एकमेव प्रेम. विकतची भेटवस्तू ती पाल उचलावी तशी दोन बोटांत धरून बाजूला ठेवी. म्हणून थोरला भाचा, म्हणजे केस पिकायला लागलेला कर-सल्लागार, दरवर्षी आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून तिला पेन ठेवायचं खोकं करून देई. धाकटा कागदाची फुलं करी, जी कोबीसारखी दिसत. आत्या स्वतः स्वेटर विणी. त्यांची एक बाही हमखास लांब असे, आणि घरातल्या सगळ्यांना उजवी बाही दुमडायची इतकी सवय झाली होती, की ते विकतच्या शर्टाचीही दुमडत. तिचा सिद्धान्तच होता: हाताचं काम सरळ येत नाही. सरळ येतं ते यंत्राचं.

हा सिद्धान्त दोघींनी ऐकला होता. एकीने तो ध्यानात ठेवला. दुसरीला वाटलं, म्हातारी आपली बोलते.

घरात ओव्हन नव्हता. थोरलीने ऑफिसातल्या मैत्रिणीकडे एकदा प्रयत्न करून पाहिला. बाहेरून कोळसा आणि आतून खळ असं काहीतरी निघालं. मैत्रिणीने ओव्हन पुसून घेतला, पण पुन्हा बोलावलं नाही. तेव्हा थोरली सरळ रस्त्याच्या टोकाच्या बेकरीत गेली. बेकरीवाला मिशाळ, गंभीर माणूस. त्याने काचेतला सगळ्यात चांगला केक पुढे केला. थोरली म्हणाली, हा फारच चांगला आहे, जरा वाईट हवा. घरी केल्यासारखा.

बेकरीवाल्याला ते लागलं. वाकडा केक लोक परत आणून तोंडावर मारतात, तो सरळ यावा म्हणून अर्धं आयुष्य भट्टीपुढे घालवलं, असं त्याने ऐकवलं. मी परत आणणार नाही, असं थोरलीने त्याला लेखी द्यायची तयारी दाखवली. मग तो विरघळला आणि म्हणाला, बरं, चहूबाजूंनी थोडा करपवून देतो.

इथे थोरलीची नोकरी कामाला आली. ती विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या फायली तपासे.

"चहूबाजूंनी नको," ती म्हणाली. "खरं नुकसान एकाच बाजूचं असतं. चारी बाजूंनी सारखं झालं, की आमचे साहेब फाईल परत पाठवतात."

मग दोघांनी मिळून ठरवलं: डावीकडे उतार, उजव्या कडेला करपट, मधोमध एक भेग आणि ती बुजवायला क्रीमचा फासलेला गोळा, त्यावर अंगठ्याचा ठसा. अंगठा थोरलीचाच हवा, बेकरीवाल्याचा फार जाड दिसेल. सरळ केकपेक्षा याला वेळ जास्त लागला.

धाकटी तिकडे माहेरी सुट्टीच्या सुट्टीला केक करत होती. पहिले काही बसले, मधले फुटले, आणि ते सगळे खाऊन तिच्या भावाला नव्या विजारी शिवाव्या लागल्या. पण ती हट्टाची. क्रीम सपाट करायला ती पातळ पट्टी गरम पाण्यात बुडवून घेई आणि श्वास रोखून एकदाच फिरवी. साखरेच्या पाकळ्या एकेक करून वाळवी. शेवटी केक असा उतरला, की तिचा तिलाच हात लावायचा धीर होईना.

वाढदिवसाला शेजारीपाजारी जमले. दोन केक शेजारी ठेवले गेले. आत्याने चष्मा लावला. धाकटीच्या केकपुढे ती बराच वेळ उभी राहिली, ताट गोल फिरवलं, मग विणायची सुई काढून केकवर आडवी ठेवली आणि वाकून पाहिलं. सुईखालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना.

"बेकरीतला आहे," आत्या म्हणाली.

धाकटी म्हणाली, नाही आत्या, माझ्या हातचा आहे. आत्याने तिच्या गालावरून हात फिरवला आणि समजावलं, की बाळ, गवंड्याच्या हाताशीसुद्धा ओळंबा लागतो, तुझ्या हातात तो कुठून येणार. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने केक होताना कधी पाहिला नव्हता, आणि तो प्रामाणिक होता. "करते म्हणाली होती," एवढंच तो म्हणाला. असा साक्षीदार वैऱ्याला मिळावा. शेजाऱ्यांना एकाएकी आपापल्या रिकाम्या बशांवरची नक्षी आवडायला लागली.

बेकरीतला केक कोणता हे नक्की ठाऊक असलेली एकच बाई त्या खोलीत होती. थोरलीच्या तोंडात शब्द आलेही असतील. पण समोर कोपऱ्यात तिची मुलगी पाहुण्यांच्या चपलांशेजारी पुस्तक घेऊन बसली होती, आणि कुणाचा तरी पोरगा तिच्या पाठीवर चढत होता.

"जाऊ द्या हो आत्या," थोरली म्हणाली. "हौसेने आणलाय तिने."

आणलाय. केलाय नव्हे.

आत्या मग दुसऱ्या केककडे वळली. केक डावीकडे कललेला, तशी तिचीही मान डावीकडे कलली. तिने करपलेली कड हुंगली, अंगठ्याच्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला, आणि तिचे डोळे भरून आले. याला हात म्हणतात, असं तिने शेजाऱ्यांना सांगितलं. खोली थोरलीची झाली.

थोरलीने पाहुणे जायच्या आधीच मनात टेबल खिडकीला लावून टाकलं होतं. पण आत्याचं बोलणं संपलं नव्हतं. असा हात खालच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात कुजवायचा नाही, वर उजेडात ओव्हन बसवायचा. आत्याने आपली पुंजी मोडून तो आणवलाही, चांगला कपाटाएवढा. दुसऱ्या खिडकीशी साचे आणि पिठाचे डबे. थोरलीने मुलीच्या टेबलाची आठवण करून दिली, तेव्हा आत्या म्हणाली, टेबल तर हवंच, केक निवायला कुठे ठेवशील?

तिथून पुढे गल्लीत कुणी जन्मलं, पास झालं, निवृत्त झालं, की आत्या शब्द देऊन मोकळी होई: आमची थोरली करील.

थोरली बेकरीत गेली. गल्ल्यामागे धाकटी उभी होती, अंगाला पांढरा एप्रन आणि उजवी बाही दुमडलेली. झालं होतं असं, की वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ती आपला उरलेला केक घेऊन इथे आली होती आणि बेकरीवाल्याला म्हणाली होती, हा बेकरीतला नाही एवढं मला एका माणसाच्या तोंडून ऐकायचंय. त्याने एक डोळा मिटून केक पाहिला. म्हणाला, नाही, माझ्याकडे इतका नीट होत नाही. आणि तिला कामावर ठेवलं. वाकड्या केकच्या बाईची गंमत त्याने तिला आपण होऊनच सांगितली.

थोरली दारातूनच परत फिरणार होती.

"या वहिनी," धाकटी म्हणाली. "कितपत वाकडा करू?"

 आत्याला सांगणार का, असं थोरलीने हळूच विचारलं.

"सांगून कोण ऐकणार? माझं तर सगळं विकतचं," धाकटी म्हणाली, आणि वहीत लिहायला लागली. "भेग मधोमध की कडेला?"

आता हिशेब. आत्याला आठवड्याआड केक मिळतो आणि भाचेसुनेचा अभिमानही, तिची गोळाबेरीज नफ्यात. बेकरीवाल्याची वाकड्या कामात ख्याती झाली, इतर घरच्या सुनाही आता मागच्या दाराने येतात. धाकटीला बेकरीवरची खोली राहायला मिळाली, कडीसकट. माणसं तिला खोटी म्हणतात, तेवढं सोडलं तर तिचं बरं चाललंय. थोरली सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या पिशवीतून केक वर नेते, कडी लावते आणि रिकाम्या ओव्हनमध्ये साखर नि पीठ जाळत बसते, कारण आत्याचे गुडघे गेले तरी नाक शाबूत आहे. घामाने ती निथळते. तिने ते स्वतः मागून घेतलंय.

मुलीने काही मागितलं नव्हतं. ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून अभ्यास करते. वरून जळक्या साखरेचा धूर येतो, खालून आत्या विचारते, झाला का गं केक? वर-खाली करणारं प्रत्येक माणूस तिला "सरक" म्हणतं, आणि ती वही छातीशी धरून सरकते.