पडवीतले सोळा दिवस

आनंदीबाईंची पावलं माजघरात वाजली तशी अनुपमानं हवेतला पाय पटकन खाली घेतला, कुशीवर वळून गुडघे पोटाशी ओढले आणि डोळे मिटले.

"जागी हाय काय गो?" सासूबाईंनी पडवीच्या उंबऱ्याअलीकडूनच विचारलं. हात लागू नये म्हणून भाकरीचं ताट त्यांनी जमिनीवरून पुढं सरकवलं. "लय दुकतंय?"

"थोडं."

"पडूनच रव्हा. पान्याचं मी बघते."

हंडा-कळशी घेऊन त्या मागच्या दारानं विहिरीकडे गेल्या. त्या पुरत्या लांब जाईपर्यंत अनुपमा थांबली, मग उताणी झाली, टाचा जमिनीत रोवल्या आणि कंबर वर उचलली. खाली येताना पाठीचा एकेक मणका सुटा सुटा टेकवायचा, श्वास बरगड्यांत बाजूंनी भरायचा. असं बारा वेळा. महिन्याभरात बाहेर बसायची तिची ही चौथी वेळ होती आणि तिला आज काहीही झालेलं नव्हतं.

खोटं बोलायची तिला हौस नव्हती. शाळेत असताना पंधराशे मीटरमध्ये जिल्ह्यात दुसरी आलेली ही मुलगी लग्न होऊन पोलादपूरजवळच्या कापडे गावात आली, तेव्हा तिच्या पळण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. वनरक्षकांच्या भरतीचा विषय तिनं घरात काढला तर सासरे हैबतीराव म्हणाले, "रानात फिरायला आपल्यात गुरं हायत, सुना नाय." झालं, मिटलं. नवरा ऋत्विक मुंबईला गोदामात कामाला. त्यानं मोबाईलवरून फॉर्म भरून दिला आणि "घरी तूच काय ते बघ, मला मध्ये घेऊ नको," म्हणून हात झटकले. वयात बसायचं हे शेवटचंच वर्ष होतं. पुढं तिला चूल, विहीर, गोठा आणि 'अजून काय नाय काय?' हा प्रश्न, एवढंच दिसत होतं.

पहाटे गुरं माळावर सोडायची आणि तिथून डांबरी रस्त्यावर पळायचं, पायात ऋत्विकचे जुने बूट, पुढं चिंध्यांचे बोळे. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा बाहेरच्या बाजूनं असा धरला की उतारावर खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. बँकेचं निमित्त काढून ती महाडला नशराकडे गेली. नशरा महाडचीच, पुण्याला फिजिओथेरपी शिकून आलेली. वडिलांच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना होता. तिनं अनुपमाला एका पायावर उभं केलं, पायरी उतरायला लावली.

"गुडघ्याला कशाला शिव्या देतेस?" नशरा म्हणाली. "कंबर आणि मांडीची बाजू ढिली आहे, त्याचा मार हा खातोय. तीन आठवडे पळणं बंद. रोज अर्धा तास जमिनीवर हे व्यायाम करायचे. याला पिलाटीज म्हणतात. नुसतं बरं व्हायला नाही, पुन्हा दुखू नये म्हणूनसुद्धा. पलंगावर नको, गादी दबते. घरात सहा फूट जागा आहे ना?"

"आहे की," अनुपमा म्हणाली.

कुठली असायला? ओटीवर टीव्ही आणि टीव्हीसमोर हैबतीराव. खोलीत पलंग आणि भाताच्या गोणी. माजघरातून सगळ्यांची ये-जा. तरी एका दुपारी ती माजघरात आडवी झाली, तर आनंदीबाईंना वाटलं सुनेला चक्कर आली. शेजारची सुंदराबाई लिंबू घेऊन धावत आली. दिवसाढवळ्या आडव्या पडलेल्या सुनेचे वाडीत दोनच अर्थ होतात, एक तर आजारी, नाहीतर दिवस गेलेली. संध्याकाळपर्यंत दुसरा अर्थ सगळ्या वाडीत पोचला होता. तो खोटा निघाल्यावर लोकांनी जी तोंडं वाकडी केली ती अनुपमालाच बघावी लागली.

आणि मग तिची पाळी आली. या घरात अजून बाहेर बसायची पद्धत. चार दिवस मागच्या पडवीत, एक चटई, एक तांब्या. कुणी शिवायचं नाही, कुणी काम सांगायचं नाही. लग्न झाल्यापासून ह्या पडवीचा तिला संताप यायचा. पण त्या दुपारी चटईवर पडल्या पडल्या तिच्या लक्षात आलं, की अख्ख्या घरात आपल्याला हात न लावता सोडून देतात अशी ही एकच जागा आहे. चार दिवसांत गुडघा निम्मा हलका झाला.

नशराला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली. "चार दिवसांनी भागणार नाही गं," एवढंच म्हणाली.

आठवड्यानं अनुपमानं पुन्हा सांगितलं, कावळा शिवला. मग पुन्हा. दर वेळी आनंदीबाई बोटांवर काहीतरी मोजायच्या. रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नाचणीची पेज करून सरकवायला लागल्या, काळ्या मनुका भिजत घालायला लागल्या. हैबतीरावांनी "परत बसली काय?" म्हणून कुरकुर केली तेव्हा त्यांनी नवऱ्याला चार घरांना ऐकू जाईल असं झापलं. पडवीत पडून अनुपमानं ते ऐकलं आणि तिला स्वतःची किळस आली. पण पाय वर उचलायचं तिनं थांबवलं नाही.

या चौथ्या खेपेला पाचव्या दिवशी ती न्हाऊन घरात आली तर आनंदीबाई म्हणाल्या, "गुरवारी म्हाडला जायचं. बाईडाक्टरकडं नंबर लावलाय मी. आंगावर काडू नको गो असलं काय."

गुरुवारीच अकरा वाजता माणगावला धावण्याची परीक्षा होती.

तीन दिवस ती तोंड उघडायला बघत होती. गुरुवारी पोलादपूरहून सकाळची गाडी निघाली, कंडक्टर समोर आला, तेव्हा कुठं तिच्या तोंडून निघालं, "दोन हाफ. एक महाड, एक माणगाव."

"मानगाव कुनाला गो?" आनंदीबाईंनी विचारलं.

"मला. आई, मला काय झालेलं नाय. सोळा दिवसांतले चारच खरे. बाकीचे दिवस मी पडवीत व्यायाम करत होते, गुडघ्यासाठी. आज धावायची परीक्षा हाय, रानखात्याची."

आनंदीबाई तिच्याकडे वळल्या. "म्हंजे आतनं बरी हायस तू? सगळी?"

"सगळी."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग तोंड खिडकीकडे वळवलं. खालच्या आवाजात म्हणाल्या, "वाडीत सगल्यांना सांगत सुटले मी. पोरगी आजारी हाय, तिला पोराबालावरनं कोन काय बोलू नका. महिनाभर कोनी तोंड उघडलं नाय. आता काय सांगू?"

अनुपमा हातातली तिकिटं दुमडत राहिली.

"आनि पानी कोनी भरलं गो? सोला दिवस? ती इहीर, त्या पायऱ्या..." त्यांनी लुगडं किंचित वर केलं. गुडघा सुजून तुकतुकीत झाला होता. रोज त्या समोरून लंगडत जात असणार. अनुपमा तेव्हा डोळे मिटून पडलेली असायची.

तिला रडू फुटलं. "चला आई, मी पण उतरते. घरी जाऊ. नको मला काय."

"आता?" आनंदीबाई एकदम खेकसल्या. पुढच्या सीटवरच्या माणसानं मान वळवली. "बस खाली. माजं गुडघं गेलं ते फुकट जाऊ देऊ नको. पळ आता. घरात काय सांगायचं ते सांगीन मी. पन एक ध्यानात ठेव. आता खरोखर बाहेर बसलीस तरी माजा इस्वास बसायचा नाय."

महाड आलं. अनुपमा आधार द्यायला उठली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. दांडीला धरून, तिरक्या होऊन त्या एकेक पायरी उतरल्या. मागची माणसं खोळंबली. "आजी, आवरा जरा," कंडक्टर म्हणाला. खाली उतरून त्या स्टँडवरच्या बाकावर बसल्या. दवाखान्याकडे जायचं आता कारण नव्हतं, आणि कापड्याची गाडी तासाभरानं होती.

"आई!" अनुपमानं खिडकीतून हाक मारली.

त्यांनी वर बघितलं नाही, नुसता हात हलवला, जा म्हणून. डबल बेल झाली. गाडी वळत होती तेव्हा त्या बाकाच्या कडेला धरून उठायला बघत होत्या. पहिल्या वेळी उठता आलं नाही. परत बसल्या.