भोक माझ्यात नव्हते

मित्रांनो, मी एक जुना ड्रायसूट आहे. नाव इंग्रजी असले तरी काम साधे आहे. बर्फासारख्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाला मी मानेपासून पायापर्यंत कोरडा ठेवतो. एकेकाळी माझा रंग लालभडक होता. आता तो विटला आहे आणि पाठीवरची चेन करकरते. अंगावर ठिगळेही आहेत. ठिगळांची मला लाज नाही, पण त्यातली चार विनाकारण लावलेली आहेत. त्यांचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

तीनपदरी कापड आणि आतून चिकटवलेल्या शिवणी घेऊन मी कारखान्यातून एका दुकानात आलो. शेजारी जाडजूड वेटसूट लटकत होते. दिसायला रुबाबदार म्हणून ते फार भाव खायचे. एके दिवशी दुकानात एक धिप्पाड पाणबुड्या आला. डोंगरातल्या एका तलावातून शहराला पाणी जायचे. तळाशी पाइपाच्या तोंडावर बसवलेली लोखंडी जाळी साफ करणे हे त्याचे काम होते. सोबत त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. पाणबुड्या खाली गेला की नावेत बसून त्याची दोरी धरायची, हे या मेहुण्याचे काम.

"भाऊजी, हा वेटसूट घ्या," मेहुणा म्हणाला. "तुमच्या अंगावर आधीच एवढी चरबी. तुम्हाला कसली थंडी वाजतेय!"

दुकानदार मात्र हसला नाही. पाणी किती थंड, खाली किती वेळ, एवढेच त्याने विचारले. तीन अंश आणि पाऊण तास, असे उत्तर ऐकून त्याने वेटसूट बाजूला सारला.

"त्यात पाणी शिरतं आणि अंगाच्या उबेनं कोमट होतं. कोमट समुद्रात चालेल, तुमच्या तलावात बोटं आखडतील. ड्रायसूटच घ्या. पण एक ध्यानात ठेवा, हा ऊब देत नाही. हा फक्त पाणी बाहेर ठेवतो. ऊब आतल्या लोकरीची आणि तुमची स्वतःची."

तेव्हा मला ते ऐकून जरा अपमान वाटला होता. तो खरे बोलत होता हे पुढे कळले.

माझ्या मानेला पातळ रबराची पट्टी आहे. नवी असताना ती मुद्दाम घट्ट ठेवतात आणि मग ज्याच्या त्याच्या मानेच्या मापाने कडेने कापतात. कमी कापली तर माणूस गुदमरतो, जास्त कापली तर पाणी शिरते. पाणबुड्याची बायको कपडे शिवायची. तिने मोठी कात्री घेतली, बोटभरही नाही अशी एक कड कापली आणि विचारले, "आता?" तो म्हणाला, "आवळतंय गं." तिने आणखी एक कड कापली, मग आणखी एक. "आता गिळून दाखवा," ती म्हणाली. त्याने आवंढा गिळून दाखवला, आणि तिने कात्री खाली ठेवली. त्या दिवसापासून मी त्या एका मानेचा झालो.

नऊ हिवाळे आम्ही एकत्र काम केले. खाली मिट्ट काळोख असायचा. जाळीत फांद्या, पिशव्या, एकदा तर अख्खी खुर्ची अडकलेली. तो हाताने चाचपून सगळे ओढून काढायचा आणि माझ्या आत एक थेंब शिरायचा नाही. वर आल्यावर तो माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, "शाब्बास रे पठ्ठ्या." मेहुणा म्हणायचा, "बायकोचंसुद्धा इतकं कौतुक करत नाहीत भाऊजी!"

दहाव्या हिवाळ्यात पहिल्यांदा पाणी शिरले. त्याने मान वळवली आणि मानेच्या बाजूने एक गार धार थेट छातीवर उतरली. तो कुडकुडत वर आला. "सूटनं दगा दिला," मेहुणा म्हणाला. मित्रांनो, त्या शब्दाने मी फार दुखावलो.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने माझी परीक्षा घेतली. मनगटांत बाटल्या कोंबल्या, मानेत काचेची मोठी बरणी बसवली, मला हवेने टम्म फुगवले आणि सगळ्या अंगाला साबणाचा फेस लावला. भोक असेल तिथे बुडबुडे येतात. एकही आला नाही. येणार कसा? बरणीची मान बारीक झाली नव्हती. बारीक झाली होती ती पाणबुड्याची. त्याने डोके वळवले की मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या जात आणि त्यांच्या बाजूच्या खळग्यांतून पाणी आत येई. हे फक्त मला कळत होते, कारण ती मान रोज माझ्याच हातात होती. पण मला तोंड कुठे आहे!

मेहुण्याने संशय आला तिथे ठिगळे लावली, एक, दोन, चार. पाणी येतच राहिले. पाणबुड्याला आता कोरडा असतानाही थंडी वाजायची. त्याने आत एक स्वेटर वाढवला, मग दुसरा. त्यामुळे मी पूर्वीसारखाच भरलेला दिसायचो. त्याचे हडकलेले अंग मीच झाकत होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

घरी तर आनंदीआनंद होता. माझी खुंटी स्वयंपाकघराच्या दाराशी असल्यामुळे मला सगळे ऐकू यायचे. त्याने साखर कमी करावी म्हणून बायको कित्येक वर्षे मागे लागली होती. "बघा, पोट गेलं की नाही! दहा वर्षांनी तरुण दिसताय," ती म्हणायची, आणि तो लाजून हसायचा.

शेवटी तो मला रबराची दुरुस्ती करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेला. मेहुणा बाहेर गाडीत थांबला. बाईंनी माझी पट्टी ताणून पाहिली, मोजली, आणि मग त्याच्या गळ्याभोवती लावून पाहिली. पट्टी आणि मान यांच्यामध्ये त्यांची दोन बोटे सहज गेली.

"सूट ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही नाही. एवढी मान कशानं उतरली? आधी डॉक्टरांना दाखवा."

"बाई, तुम्ही रबर बघा, माणसाचं राहू द्या," तो हसत म्हणाला. पण मला उचलून तो घाईघाईने बाहेर पडला. गाडीत बसल्यावर मेहुण्याने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काही नाही रे, सूट जुना झालाय म्हणे."

तो डॉक्टरकडे गेला नाही. तो घाबरला होता, असे मला वाटते. चार महिन्यांनी त्याला शिडी चढवेना, तेव्हा मेहुण्याने त्याला उचलून नेले. आजार पोटातला होता आणि फार पसरला होता. पावसाळा लागायच्या आत तो गेला. मी खुंटीवर तसाच होतो, आतले स्वेटर कोणी काढले नव्हते.

वर्षभराने जाळीचे काम मेहुण्याकडे आले. स्वतःच्या मापाची पट्टी बसवायला तो मला त्याच बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी मला ओळखले. "ते गेले का नंतर डॉक्टरकडे? मी बजावलं होतं त्यांना."

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाईंनी सगळे सांगितले. तो जवळच्या स्टुलावर बसला आणि माझी ठिगळे एकेक करून चाचपू लागला.

घरी आल्यावर त्याने ताईपासून काही लपवले नाही. "ताई, मी चार ठिगळं लावली गं. माणसाकडे एकदाही नीट पाहिलं नाही."

तिने शिवणयंत्र थांबवले. "तू ठिगळं लावलीस," ती म्हणाली. "मी त्यांच्या पाच विजारी कमरेत आत घेतल्या. याच मशीनवर. प्रत्येक वेळी टाके घालताना मी खूश होत होते रे."

मित्रांनो, मला कोणी जपले नाही असे मी म्हणणार नाही. मला गरजेपेक्षा जास्तच जपले. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरातल्या कोणाला सारखी थंडी वाजू लागली, कपडे ढिले होऊ लागले, तर नुसता स्वेटर आणून देऊ नका. त्याचा हात धरा आणि डॉक्टरकडे न्या. तो म्हणेल, "मला काही झालेलं नाही." हसेल, चिडेल, खोटेही बोलेल. तरी न्या.