नातीचा नफका

दिलशाद मुलाणीला नवऱ्यानं टाकलं, तेव्हा मुलगी अल्फिया चार वर्षांची होती. बावडा गावच्या जमातीनं, म्हणजे मशिदीच्या पंचांनी, नवऱ्याला, इलियासला, समोर बसवून फैसला केला: लेकीचा नफका, म्हणजे तिच्या अन्नवस्त्राचा खर्च, बापावर फर्ज आहे. इलियासनं मान डोलावली आणि बारामतीला निघून गेला. फैसला द्यायला जमात होती, वसूल करायला कुणीच नव्हतं.

मग तिनं कोर्ट गाठलं. दोन वर्षांनी हुकूम झाला, तरी छदाम आला नाही. वॉरंट निघालं. हवालदार भिमा म्हणाला, "ताई, माणूस दाखवा, आमी उचलतो."

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकासमोर ती तीन दिवस उभी राहिली. तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली आणि मोटारसायकलींच्या लोंढ्यात तिला इलियास दिसला. तिनं बोट दाखवलं. तिच्याकडे न बघताच तो पोलिसांच्या जीपमध्ये चढला.

महिनाभर आत राहिला. नोकरी गेली. सुटला तो कुठं गेला, कुणाला ठाऊक.

"आत बसल्यानं देणं फिटत नाही," वकीलबाई म्हणाल्या, "पण आता पगारच नाही, तर कापायचं कशातून?"

पुढं एका शुक्रवारी सासरे दस्तगीरचाचा दारात आले. सत्तरी उलटलेली, तरी वीटभट्टीवर राखणीला लागले होते. त्यांनी पाचशेची नोट पुढं केली.

"बाप देत न्हाय, तर आज्यावर येतं. मौलाना तसंच सांगत्यात."

"अब्बा, तुमच्या औषधाचं काय?"

"घे गं. मला वर तोंड दावायचं हाय."

घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण अल्फियाची शाळेची फी राहिली होती. तिनं नोट घेतली, आणि त्यांना चहा द्यायचंही तिला सुचलं नाही.

सात महिने ते येत राहिले. आठव्या महिन्यात एका सकाळी भट्टीवरच्या खाटेवरून उठलेच नाहीत.

मयतीला इलियास आला. दिलशादनं आडोशाला जाऊन भिमाला फोन लावला; थकबाकीचं नवं वॉरंट त्याच्याकडंच पडून होतं.

"मयतीतनं उचलू का, ताई? तुमी म्हणाल तसं."

अंगणात बापाचा जनाजा उचलायला तो खाली वाकला होता. अल्फियानं तिचा पदर ओढला. "अम्मी, ते रडतायत ते कोण हायेत?"

"राहू द्या," दिलशाद फोनवर म्हणाली.

दफन झाल्यावर इलियास घराकडं फिरकलाच नाही.

इंदापूरच्या कोर्टात पुढच्या तारखेला वकीलबाईंनी त्याचा पत्ता विचारला. "माहीत न्हाय," ती म्हणाली. जज्जसाहेबांनी अडीच महिन्यांनंतरची तारीख दिली.